बेयाच्या केसांचा लेप

टेस्टूर गावात डाळिंबं उतरायला लागली की शाद्लिया खालाला उसंत नसे. गावातली लग्नं त्याच दिवसांत, आणि नवरीच्या केसांना लेप लावावा तो खालानंच. उन्हाळ्यात अंजीर, थंडीत संत्र्याची साल, जे पिकेल त्याचा तिचा लेप. आत्ता मात्र डाळिंबसालीची पूड, सफरजल या पेरासारख्या फळाच्या बियांचा बुळबुळीत गर, तमालपत्राचा काढा आणि ऑलिव्हचं तेल.

यंदा एक गोष्ट तिनं कुणाला कळू दिली नव्हती. तिच्या डोळ्यांपुढं धुकं साचलं होतं. सुईत दोरा ओवता येईना. तरी पानं तोडायला ती नदीकाठच्या मळ्यात एकटीच जाई. कळलं असतं तर बोलावलं कुणी असतं?

त्या गुरुवारी दुपारी मुनजियाच्या लेकीला, नवरी बेयाला, लेप लावून ती घरी आली. सून रफीका उरलेली पानं निवडत बसली होती.

"उम्मी, ही कण्हेर कशाला आणलीत?"

"कण्हेर कुठली? तमालपत्र आहे ते."

रफीकानं एक पान चुरगळून तिच्या नाकाशी धरलं. वास नव्हताच. "निम्मी कण्हेर आहे यात. विषारी असते ती, बकरीसुद्धा तोंड लावत नाही हिला!"

निम्मी पानं खरी होती, म्हणून काढ्याला वास आला होता. खाला तशीच, पायात घरच्या सपाता, गल्लीतून धावत सुटली. मशिदीच्या कोपऱ्यावर ठेचकाळली. लेप लावून तास उलटला होता. वाटेत तिनं मनाशी थाप जुळवून ठेवली.

अंगणात बायका ढोलकीवर ताल धरून बसल्या होत्या. "लेप धुवायचाय," खाला धापा टाकत म्हणाली. "यंदाची डाळिंबसाल जहाल निघाली. लवकर धुतलेला बरा."

"एवढी काय घाई?" मुनजिया हसली. "मागं कुत्रं लागल्यासारखी आलीस ती!"

कुणाला शंका आली नाही. दोन घागरी पाण्यानं खालानं केस धुतले. मानेवर लाल चट्टे उठले होते, पण ते उतरले असते. झाकून गेलं, असं वाटून तिचा जीव भांड्यात पडतोय तोच बेया म्हणाली, "खाला, काय गोड वास होता हो! मी तर बोट चाटलं. दोनदा."

खालानं तांब्या खाली ठेवला.

आता गप्प राहिलं तर? दोन बोटांनी काय होतंय? आणि झालं तर? तिनं बेयाचं मनगट धरलं. नाडी कशी लागतेय ते भीतीनं तिला कळेचना.

"मुनजिया, गाडी काढायला सांग," ती म्हणाली. "लेपात कण्हेर गेलीय. मला दिसत नाही गं. वसंतापासून नीट दिसत नाही."

ढोलकी थांबली. मुनजियानं तिच्या दंडाला धरून गदागदा हलवलं. "दिसत नव्हतं, आणि माझ्या पोरीच्या डोक्याला हात लावलास?"

दवाखान्यात बेयाला दोन उलट्या झाल्या. छातीला तारा जोडलेल्या होत्या, यंत्र टिकटिक करत होतं. खाला दाराबाहेर जमिनीवर बसून ती टिकटिक मोजत राहिली. जरा लांबली की ती दाराला कान लावी. आत यायला तिला मुनजियानं मनाई केली होती.

सकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "थोडंच पोटात गेलं होतं. वेळेवर सांगितलंत म्हणून बरं."

लग्न चार दिवसांनी झालं. खालाला बोलावणं नव्हतं. हिवाळ्यात रफीकानं तिला डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला नेलं. एक डोळा निवळला, दुसरा नाही. आता कुणी लेप लावून घ्यायला आलं, तर ती आधी पानांची टोपली पुढं सरकवते. "तूच निवड बाई, वास घेऊन निवड," म्हणते. काही बायका ते ऐकूनच उठून जातात.