कपलरला कल्हई

लोणावळ्याच्या लष्करी वायरलेस वर्कशॉपात महिपतीचं डोकं फिरायची वेळ आली होती. सन चव्वेचाळीस, लढाईची घाई, आणि पितळेच्या एका चपट्या डबीनं त्याचा अंत पाहिला होता. हिला म्हणायचं कपलर. एका तोंडानं रडारची लहर आत सोडली की दोन तोंडांनी ती निम्मी-निम्मी बाहेर यावी, एक दुसरीच्या पाव फेरा मागं. एवढंच काम. पण वर्कशॉपच्या साहेबाला ते एकाच फ्रिक्वेन्सीवर नको, लांबलचक पट्ट्यात सगळीकडं सारखं हवं होतं! त्यासाठी आतल्या दोन दांड्यांमधली फट कागदाएवढी.

सात डब्या झाल्या. सातही नापास. कुठं एकीकडं सत्तर, दुसरीकडं तीस. दर खेपेला महिपती आपल्याच गणिताला शिव्या घालून नवे आकडे मांडायचा. उद्या साहेब शेवटचं बघणार होता. नाही जमलं तर काम दुसरीकडं जाणार आणि महिपती स्टोअरात, खिळ्यांच्या पेट्या सांभाळायला. कान्हे गावचा पहिला बी.एस्सी.!

आठवीही नापास झाली तेव्हा त्यानं चिडून झाकणाचा डाखाचा जोडच उचकटला. आत बघतो तर काय, सगळं पांढरं लख्ख! दांड्यांवर कल्हई, फटीत कथलाचे ओघळ.

डबी घेऊन तो तडक बाजारात, दत्तोबा तांबटाच्या दुकानी गेला. सगळ्या डब्या दत्तोबानंच घडवल्या होत्या.

"आबा, कल्हई करायला कुणी सांगितलं होतं?"

"सांगाया कशाला लागतंय? बिनकल्हईचं पितळ आमच्या दुकानातनं भाईर जात न्हाई. आंबट कळकतं त्यात."

"अहो, यात काय कढी करायचीय का!"

"मला काय ठावं?" दत्तोबाही भडकला. "तीन म्हयनं नुसतं माप टाकून जाताय. ह्यात काय घालायचं म्हनून इचारलं, तर म्हनला, तुम्हाला नाही कळायचं!"

म्हणाला होता खरा. महिपतीचा आवाज खाली आला.

"म्हणजे सगळ्याच डब्यांना...?"

"समद्या. पयलीला तर दोन हात दिलं, तुमचं पयलं काम म्हनून."

संध्याकाळी त्यानं अडगळीतून पहिली डबी शोधली, कथील खरवडलं, झाकण बसवून मोजली. पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पन्नास-पन्नास. पहिलंच गणित बरोबर होतं!

महिपती कपाळाला हात लावून बसला. साहेबाला उद्या कपलर मिळणार होता. पण मग तीन महिने कशात गेले असं त्यानं विचारलं, तर काय सांगायचं, तेच महिपतीला सुचेना.