हरळीवरचे सात पिवळे डाग

माझ्या पात्याच्या टोकापासून दोन बोटांवर एक खाच आहे. ज्वारीचा दाणा मावेल एवढीच. तिची एक कड गुळगुळीत आणि दुसरी खरखरीत आहे. झिजून पडलेली खाच अशी नसते. ही दगडावर आपटून पडली. कोणत्या दिवशी, कोणाच्या हातून, हे मला नेमके ठाऊक आहे.

मित्रांनो, मी खुरपे आहे. अंजनगाव सुर्जीच्या लोहाराने बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेतून मला घडवले. आता माझी मूठ सैल झाली आहे. लोखंडाचा स्वभाव मुळातच संशयी असतो, कारण गंज कधी सांगून येत नाही.

माझी मालकीण पार्बताबाई. आठ वर्षे आम्ही पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, शेतांत निंदण केले. काळ्या मातीत हरळीसारखा वैरी नाही. एक पेर मागे राहिले तरी आठवड्यात पुन्हा फुटते. पण पार्बताबाईचा हात फिरला की हरळी परतत नाही, असा तिचा लौकिक होता. निंदण निघाले की नत्थुजी पाटील आधी तिच्याच दारी यायचे.

मग दूरदेशी कुठे लढाई पेटली, तिथला कापूस अडला आणि साऱ्या जगाला वऱ्हाडचा कापूस हवासा झाला. अमरावतीत कापूस घेणारा एक गोरा साहेब आला. त्याच्या मडमेला बंगल्यापुढे हिरवळ हवी होती, आणि ती हरळीची! बागेचा मुख्य माळी गयासुद्दीन पार्बताबाईला बोलवायला आला.

"हरळी लावाले मानूस ठेवते?" ती म्हणाली. "याच्यात काई तरी डाव असंन."

तरी ती गेली. पहिल्या दिवशी गयासुद्दीन म्हणाला, "गवत साफ करा," आणि नमाजाला गेला. तो परतला तेव्हा बाजेएवढी जागा उघडी बोडकी झाली होती.

"काहून बाई, हे काय केलं?"

"साफ. तुमीच तं म्हनलं."

"अवं, हरळी ठेवाची! बाकीचं काढाचं!"

"मंग तसं बोला ना, गयासभाई. आमच्या सात पिढ्यांत कोनी हरळी ठेवली नाई."

तो पोट धरून हसला. पण हसू ओसरल्यावर त्याची नजर तिच्या हातावर जरा जास्त वेळ थांबली. ते मी पाहिले.

पुढे ती सारे शिकली. पावसाळ्यात दर आठ दिवसांनी कापणी, पण एका वेळी पात्याचा तिसरा हिस्साच. थंडीत वाढ मंदावली की कापणी थांबवायची आणि बुडाशी साचलेला वाळका थर खरडायचा. उन्हाळ्यात रोज शिंपडायचे नाही. चौथ्या दिवशी पहाटे, पाणी वीतभर खाली मुरेपर्यंत द्यायचे. रोजच्या शिंपडण्याने मुळ्या वरच राहतात आणि उन्हात मरतात. मध्येच उगवणारा लव्हाळा मी गाठीसकट काढायचे. दोन वर्षे मडम आम्हा दोघांचे कौतुक करत होती.

तिसऱ्या वर्षी भादव्यात सात पिवळे डाग पडले. सर्वांत मोठा सुपाएवढा होता.

"तुया हाताची सवय गेली नाई," गयासुद्दीन म्हणाला. त्याने मला पेटीत घालून कुलूप लावले. पार्बताबाईला वाटे, हाच पाणी कमी देतो. मला दोघांचा संशय येई, आणि पेटीतल्या अंधारात स्वतःचाही. माझ्या लोखंडातच काही वाईट असेल का?

बंगल्याचे काम सांभाळून ती अजून गावात निंदणाला जात होती; बातमी तिथेही पोचली, हे मला पुढे तिच्याच तोंडून कळले. "तिच्या हातानं हरळी मरते, मंग पऱ्हाटीचं काय होईन?" असे लोक बोलू लागले. नत्थुजी पाटील तिच्या दारावरून सरळ पुढे गेले. जाताना एवढेच म्हणाले, "यंदा राहू द्या, बाई." निंदणारीचा हात बदनाम झाला, तर तिच्याजवळ दुसरे काय उरते?

दुसऱ्या दिवशी ती गयासुद्दीनपुढे उभी राहिली. "खुरपं द्या. तुमच्या डोयापुढं पायते."

तिने आधी मातीत बोट घातले. ओल होती, म्हणजे पाण्याचा दोष नव्हता. मग तिने मला डागाच्या मधोमध नाही, तर काठावर, हिरवे संपून पिवळे सुरू होते तिथे खुपसले. मी खालच्या दगडावर आपटले, आणि ही खाच पडली. हिरवळ मात्र घोंगडीसारखी अलगद उचलली गेली. खाली मुळ्याच नव्हत्या. वीतभर जागेत अकरा पांढऱ्या, अर्ध्या वळलेल्या अळ्या होत्या.

"हुमनी," ती हळूच म्हणाली. "कच्च्या शेनखतातून येते. खत कोनी आनलं होतं, गयासभाई?"

जेठ महिन्यात कुजलेले खत कुठेच मिळत नव्हते. सारे उकिरडे कापसाच्या वावरात रिकामे झाले होते. म्हणून कापसाच्या बैलगाड्या जिथे सोडतात त्या तळावरचे ताजे शेण त्यानेच आणून पसरले होते. उचललेली हिरवळ त्याने पायाने परत दाबली.

"सायबाले नको सांगू."

"मी नाई सांगत. तुमीच सांगा."

एक दिवस गेला, तीन गेले, आठ गेले. डाग सातांचे नऊ झाले. तो रोज काही बोलायला तोंड उघडे आणि पाण्याची पखाल मागवी.

मित्रांनो, खुरपे वापरून झाले की पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवा. खत पुरते कुजू द्या. आणि गवत पिवळे दिसले, तर माणसाच्या हाताकडे बघण्याआधी गवताच्या मुळाकडे बघा. मला हे एका खाचेने शिकवले.

नवव्या दिवशी साहेब मडमेसह पायऱ्यांवर आला. फाटकात नत्थुजी पाटील कापसाचा भाव विचारायला थांबले होते. साहेबाने मोडक्या हिंदुस्थानीत विचारले, "घास कौन मारा?" मडमेने पार्बताबाईकडे बोट केले. पार्बताबाईने मला दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि गयासुद्दीनकडे पाहिले.

गयासुद्दीनने डोक्यावरची टोपी सारखी केली. तो साहेबाकडे नाही, फाटकातल्या नत्थुजींकडे वळला.

"पाटील, खत म्या आनलं होतं. कच्चं होतं. बाईच्या हाताले बोल लावू नका."