पाचशे मणांचे कोठार

मी एक जुने कोठार आहे, मित्रांनो. पण मला शोधत गावात फिरू नका. मी संगणकावरच्या एका खेळातले कोठार आहे. पिंपळगाव राजा या गावातल्या दोन मैत्रिणींनी मला बांधले. शाहीन ही गाद्या भरणाऱ्या कय्यूमभाईंची मुलगी आणि रुपाली कापूस पिकवणाऱ्या उकंडरावांची. दोघी आपापल्या घरून खेळत आणि खेळताना बोलत, म्हणून मला त्यांचे सगळे ऐकू येई.

माझी ताकद पाचशे मणांची. त्याहून जास्त भार झाला की माझ्या भिंती लाल होत आणि तिसऱ्या दिवशी मी आतल्या सामानासकट कोसळणार, असा नियम होता. तरी दोघींनी माझ्यात काय काय कोंबले! बेडकांच्या तंगड्या, डुकरांची सडकी कातडी, मोडक्या तलवारी. कधीतरी कामी येईल, म्हणे. शी! मला माझ्याच पोटाची शिसारी येई.

त्या उकिरड्यात एकच गोष्ट मोलाची होती. शाहीनने वर्षभर खपून आठ रजया शिवल्या होत्या. रविवारी या दोघी धरून आठ जणांना बर्फाचा घाट ओलांडायचा होता आणि रजई नसलेला खेळाडू घाटात गोठून पुन्हा पहिल्या पायरीवर येई. शाहीन या टोळीची म्होरकी. आठही जणांना पार नेईन, असा तिने शब्द दिला होता.

पण रुपालीला कापसाचा नाद. बीटीचे बियाणे आल्यापासून पीक इतके वाढले, की तिच्या घरी झोपायच्या खोलीतही कापूस असे. भाव येईपर्यंत विकायचा नाही, पाय देऊन दाबायचा आणि वर आणखी भरायचा. त्यातल्या किड्यांनी सगळ्यांच्या अंगाला खाज सुटे. बोलता बोलता ती कराकरा खाजवे, तो आवाजही मला ऐकू येई.

माझ्यातही तिने तेच केले. भिंती लाल झाल्या तेव्हा तिने सगळा कापूस दाबून त्याच्या गाठी बांधल्या.

"पाह्य बरं, केवढी जागा झाली!" ती म्हणाली आणि आणखी वीस गाठी आत टाकल्या.

"जागेचं नाही वं रूपे, वजनाचं लाल झालं," शाहीन म्हणाली. "माह्या अब्बाले विचार, दाबल्यानं कापूस हलका होते काय?"

"भाव येऊ दे, मंग काढतो."

इतका राग मला कधी आला नव्हता. दोन दिवस शाहीनने जितकी घाण बाहेर फेकली, तितक्याच गाठी रुपालीने आत भरल्या. तिसऱ्या दिवशी घंटा वाजली. कोसळण्याआधी प्रत्येक मालकिणीला एकच खेप बाहेर नेता येते. शाहीनला चार रजयाच पेलत होत्या.

"उरलेल्या चार तू घे, रूपे! जल्दी!"

रुपालीने कापसाची गाठ उचलली. मी पडलो. चार रजया माझ्याखाली गेल्या. खरे सांगतो, पडताना मला वाईट वाटले नाही. सुटलो एकदाचा त्या घाणीतून, असेच वाटले.

रविवारी माझ्या ढिगाऱ्यापाशी टोळी जमली. शाहीनने चार रजया चार सोबत्यांना दिल्या. स्वतःला एकही ठेवली नाही. उरलेल्या दोघांची तिने माफी मागितली, ते निघून गेले. मग रुपाली पुढे आली.

"मले काऊन नाही दिली वं एखादी?"

"तुह्याजवळ कापूस हाये नं," शाहीन म्हणाली, "तोच पांघर."

चौघे घाट चढून गेले. शाहीन खेळातून बाहेर पडली, ती पुन्हा आली नाही. रुपाली रोज येते, गाठीवर बसते आणि शाहीनच्या नावापुढचा, ती खेळात आल्याचा दिवा लागला का ते बघते. खेळातल्या बाजारात कापसाला भाव आला, तरी ती गाठ विकत नाही.

मित्रांनो, तुम्हीही कोठारे बांधाल. जरूर बांधा. पण भिंत लाल झाली की आधी स्वतःचे सामान बाहेर काढा. माझ्यासारख्या कोठाराला दगडमाती पेलते, हा हावरेपणा पेलत नाही.