हुकूम येऊ दे

बकारामचं लग्न झालं ते १९४७ साली. त्याच उन्हाळ्यात गावच्या सुताराने सागाच्या ओंडक्यातून मला घडवलं. मित्रांनो, मी तलावाचा एक जुना लाकडी दट्ट्या आहे. आमगावकडच्या आमच्या तलावाला तुडूम आहे, म्हणजे पाणी सोडायची दगडी मोरी. तिच्या भोकात मी बसतो. मला उपसलं की पाणी धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत जातं. बकाराम गावचा पाणकर, तलावाचं पाणी सोडणारा. मला पहिलं कुंकू लावलं ते त्याच्या नव्या नवरीने, देवकाबाईने.

तलाव गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, केशोराव यांचा. लोक त्यांना 'सरकार' म्हणत. माणूस कडक, फुकट राबवून घेणारा. पण दर उन्हाळ्यात ते काठी टेकत पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, उभे राहत, आणि खेकड्यांची बिळं बुजल्याशिवाय कोणी घरी जात नसे. पाणी चढलं की बकाराम विचारी, "सरकार, काढू का?" "काढ" म्हटलं की काम झालं.

मग कायद्याने मालगुजारी गेली. तलाव खऱ्या सरकारचा झाला. गावाने गुलाल उधळला, मीही आनंदलो. पण पुढच्या उन्हाळ्यात पाळीवर कोणीच आलं नाही.

"तलाव सरकारचा, तं माती सरकार टाकन," असं खालच्या बांधीचा सुखराम म्हणाला आणि सगळे हसले. सरकारही आलं नाही. बिळं वाढत गेली.

१९५४ च्या पोळ्याच्या तोंडावर झड लागली. पाणी पाळीच्या माथ्याशी आलं. सारा गाव तलावावर जमला. बकारामने मला हात घातला तोच सुखराम ओरडला, "काऊन बे, कोनाच्या हुकुमानं सोडून राहिला? माहा धान बुडन ना! रिपोट करीन तुही!"

बकाराम सवयीने केशोरावांकडे वळला. "सरकार, काढू का?"

"मी कायचा सरकार आता? जाय, तुमच्या सरकारले इचार."

"इथून हलू नको, मी हुकूम घेऊन येतो," असं बायकोला सांगून बकाराम आमगावला धावला. तिथे कचेरीतला कारकून काय म्हणाला, ते त्याने मागाहून माझ्यापाशी बसून सांगितलं. "साहब दौरे पर हैं. और ये तालाब किस खाते में है, वही तय नहीं हुआ."

इकडे देवकाबाई माझ्या मुठीवर हात ठेवून उभी होती. पाळीतून गढूळ धार फुटली. शेजारची शकुंतलाबाई लांबून किंचाळली, "उपस वो, देवका! उपस!"

"हुकूम येऊ दे ना वो."

एवढंच ती बोलली. तिच्या पायाखालची पाळ खचली.

मित्रांनो, मला अजून विश्वास बसत नाही. तलाव रिकामा झाला, सुखरामचं धान चिखलात गेलं, आणि मी मात्र भोकात घट्ट, जसाच्या तसा. अडवायला पाणीच उरलं नव्हतं, तरी मी अडवून बसलो होतो.

केशोरावांची काठी मला परत नको. पण ती गेली तेव्हा तिचं काम कोणाच्या हाती दिलं, हे कोणी विचारलंच नाही. तुमच्या गावातल्या तलावाची, विहिरीची, शाळेची काळजी कोणी घ्यायची आणि 'काढ' कोणी म्हणायचं, हे पाणी खाली असतानाच ठरवून ठेवा.

बकाराम पाणकराची बायको देवकाबाई १९५४ साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी, पाळ फुटून मेली.