निदान एक फोटो

“मोबाइल इथं ठेवा.” मोठ्या सिस्टरांनी स्टीलचा ट्रे नवऱ्यापुढे धरला. लेबर रूमच्या दारात सत्तावीस वर्षं त्यांचा हाच कायदा. बायको जिवाच्या आकांताने ओरडतेय आणि नवरा अँगल शोधत डॉक्टरीणबाईंच्या पायात कडमडतोय, हे त्यांच्या डोक्यात जाई.

नवऱ्याने निमूट मोबाइल ठेवला. कॉटवरून बायको ओरडली, “नाही! त्याच्याजवळच राहू दे.”

“आधी सगळं नीट होऊ दे गं. मग काढू की हवे तितके.”

“मागच्या वेळीही हेच म्हणालास.” कळ आली तशी तिने कॉटची दांडी आवळली. “एक फोटो असता, तर तोंड तरी बघितलं असतं त्याचं.”

सिस्टरांनी वळून तिच्याकडे पाहिलं. आत्ता ओळख पटली. दोन वर्षांपूर्वी हीच मुलगी भुलीच्या गुंगीत होती आणि बाळ वीस मिनिटांत गेलं. ‘तिला दाखवू नका, विसरायला सोपं जाईल,’ असं नवऱ्याला सांगणाऱ्या सिस्टरच होत्या. आणि हे त्या मोठ्या मायेने बोलल्या होत्या!

मग सकाळभर त्यांचं कशात लक्ष लागेना. आत-बाहेर येरझारा घातल्या, घडी केलेल्या चादरींच्या पुन्हा घड्या घातल्या, मावशींवर उगाच डाफरल्या. ते तोंड आठवायचा प्रयत्न करत होत्या. हजारो बाळं या हातांतून गेलेली. त्या एकाचं काही केल्या आठवेना.

दुपारी कळा वाढल्या, तेव्हा त्यांनी ट्रेमधला मोबाइल उचलून नवऱ्याच्या हातात कोंबला. “उशाशी उभे राहा. पाय जागचा हलवायचा नाही.”

मुलगी झाली. निळसर, गप्प. डॉक्टरीणबाई तिची पाठ चोळत होत्या. नवऱ्याला मोबाइल नीट धरताच येईना.

“काय झालं? रडत का नाही?” बायकोने विचारलं.

सिस्टरांनी मोबाइल हिसकावला आणि बाळाच्या तोंडावर धरून फोटो काढला. रडण्याची वाट बघायची त्यांची हिंमत नव्हती.

मग पोरगी रडली. चांगली ठणठणीत, सगळ्यांना दम भरल्यासारखी. नवरा भिंतीला टेकून हुंदके देऊ लागला.

तासाभराने सिस्टर वॉर्डात आल्या, तेव्हा बाळ आईच्या कुशीत होतं आणि आई तो फोटो बघत होती. हललेला, मिटल्या डोळ्यांचा.

“तोही असाच होता का हो? तुम्ही बघितला होतात ना?”

हो म्हणणं किती सोपं होतं. सिस्टरांनी कॉटची दांडी धरली. “नाही आठवत गं. तेव्हा तुला दाखवायला हवा होता. माझं चुकलं.”

तिने मोबाइल उशाशी ठेवला. मग तिने बाळाच्या तोंडावरचं दुपटं बाजूला केलं.

“हिला तरी नीट बघून ठेवा.”

सिस्टरांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि वाकून बघत राहिल्या.