वाकड्या जबड्याचं वर्नियर

उदयसिंगाले मी माफ करीन असं कोनाले वाटत असन, तर त्यानं आताच उठून घरी जावं. दोन वर्षं मी त्या माणसाच्या नावानं दात खाल्ले हायेत. जेवतानी आठवला का घास कडू लागे, आन् जेवण तर रोजचंच हाय.

मी किशन, रिठदजवळच्या तांड्यावरचा. अकरा वर्षं मी वाशीमले उदयसिंगाच्या लोखंड कातायच्या, लेथच्या दुकानात काम केलं. दुकान त्याचं, हात माहा. ट्रॅक्टरचा शाफ्ट असो का जीपचा अ‍ॅक्सल, गिऱ्हाईक दारातूनच इचारे, किशन हाय का? उदयसिंगाले ते खुपे, पण धंदा चाले म्हून चूप राहे. दुकानात मोजायले वर्नियर एकच होतं. लोखंडाची पट्टी, तिले दोन जबडे, एक पक्का आन् एक सरकणारा. मधात वस्तू धरायची आन् पट्टीवरचा आकडा वाचायचा. उदयसिंगाचा हुकूम होता, दुकान एक तर माप एक, कोनी आपलं वर्नियर आणायचं नाई.

माही लहान बहीण भागिरथा आसेगावले देली हाय. तिचा नवरा सेवालाल, गाड्यायचा लय शौकीन माणूस. त्यानं जुनी जीप घेतली आन् अंगणातच उघडून बसला. तिच्या मागच्या अ‍ॅक्सलवर बेअरिंग बसते ती जागा झिजली होती. ती मी वेल्डिंगनं भरली, लेथवर उतरवून मापात आणली आन् अ‍ॅक्सल त्याच्या हाती देला. बेअरिंग त्यानं घरीच बसवलं. नवव्या दिवशी मंगरूळपीरच्या रस्त्यावर चाक निघालं, जीप नालीत गेली आन् सेवालालचा पाय मांडीत मोडला. सळई टाकली, तरी पाय आखूडच राह्यला.

अ‍ॅक्सल काढून पाह्यला तवा समजलं, ती जागा मापापेक्षा बारीक उतरली होती. बेअरिंग तिच्यावर ढिलं फिरून फिरून सारं खाऊन बसलं होतं. उदयसिंग फळं घेऊन दवाखान्यात गेला आन् भागिरथाले म्हणाला, "बाई, तुहा भाऊ त्या दिवशी पिऊन होता. अकरा वर्षांचा जुना माणूस, मी कसा बोलू?"

मी आजवर दारूच्या थेंबाले शिवलो नाई. आमचा बाप दारूतच गेला, म्हून नाई शिवलो. आन् बाप तसा गेला म्हूनच भागिरथाले ते लगेच खरं वाटलं. आसेगावले तिच्या दारात उभा राह्यलो तर तिनं आतून कडी लावली. उदयसिंगानं मले कामावरून काढलं, बाकीच्या लेथवाल्यायच्या कानात बी दारूचं भरलं. त्याचं मले एवढं नाई. काम कुठी बी भेटते, मी तांड्यावर टीन ठोकून घरचंच दुकान मांडलं. पण बहीण मले एकच हाय, आन् तिच्या नजरेत मी बापासारखा दारुडा झालो. ते मले सोसे ना.

मंग या सालच्या उन्हाळ्यात नवीन नावाचा कारागीर भेटला. तो बी उदयसिंगाकडंच काम करते. रिठदच्या बाजारात च्या पेतापेता त्यानं इकडं तिकडं पाह्यलं आन् सांगतलं. सेवालालचं काम लेथवर चढलं त्याच्या दोन दिवस आधी उदयसिंगाच्या हातून वर्नियर फरशीवर पडलं होतं, तोंडावर. त्यानं पुसून गुपचूप खिळ्याले लटकवून देलं. सेवालाल पडला तवा आठ दिवसांत नवं वर्नियर आणलं. जुनं फडक्यात बांधून देवाच्या फोटोमागं ठेवलं. म्हंजे माप वाकडं होतं हे त्याले माहीत होतं, आन् तरी त्यानं माह्या बहिणीपुढं मले दारुडा केलं. माह्या डोक्यात अशी आग गेली का कप हातातच फुटला असता.

नवीनले मी इतकंच इचारलं का जुनं त्यानं फेकलं काहून नाई. तो माह्या तोंडाकडं पाहतच राह्यला. ज्या हत्यारानं पोट भरलं ते कोनी मिस्त्री फेकते का? खंडेनवमीले मोडकं, बोथट, सारं बाह्यर काढून पूजेत मांडा लागते. आन् उदयसिंग त्या दिवशी साऱ्या गिऱ्हाइकायले प्रसादाले बोलावते. अ‍ॅक्सल त्यानं फुकटात नवा करून देल्यापासून सेवालाल आन् भागिरथा बी जातात. मी तवाच ठरवलं, याचं नाक याच्याच दुकानात कापायचं.

पण वाकड्या मापापुढं ठेवायले सरळ माप पाह्यजे. म्हून मी वाशीमच्या बाजारात जिनदासकाकांच्या दुकानात गेलो. खिशात एक नवं बेअरिंग घेतलं होतं, पाकिटातलं, बाह्यरून बरोबर चाळीस मिलिमीटरचं. कंपनीचं बेअरिंग केसाइतकं बी चुकत नसते, त्यावरच वर्नियर पारखायचं. काकांनी आधी प्लास्टिकचं दाखवलं, आकडे उमटणारं. एकाच बेअरिंगचे त्यानं तीन खेपेले तीन आकडे सांगतले. ते शाळेच्या दप्तरात शोभलं असतं. मंग आकड्याचंच, पण स्टीलचं काढलं. ते चोख होतं. काका म्हणाले, घरच्या कामाले आन् गाडीले हेच घे, डोळ्याले तरास नाई, फक्त एक सेल जवळ ठेव, बंद करून ठेवलं तरी सेल उतरते. तिसरं घड्याळासारख्या काट्याचं होतं, ते बी बरोबर, पण लेथचा बारीक कीस त्याच्या दातऱ्यात गेला का काटा उड्या मारते.

खरं सांगतो, घरच्या कामाचंच पाह्यलं असतं तर मी स्टीलचं आकड्यावालं घेतलं असतं. पंचेचाळिशीत बारीक रेघा कोनाले दिसतात? पण मले उदयसिंगाचं तोंड दिसून राह्यलं होतं. चार लोकायसमोर तो पह्यलेच म्हणन, सेल उतरला असन. म्हून मी साधं रेघांचं मागतलं. सेल नाई, काटा नाई, त्याले बोलायले जागाच नाई. पाच-सहा पाह्यले. एकाचा जबडा सरकवतानी डुगडुगे, एकाच्या रेघा उन्हात चमकून दिसे ना. शेवटी एक भेटलं, अंगठ्यानं लोण्यासारखं सरके आन् बेअरिंग धरलं का चाळीसची रेघ रेघेले भिडे. इतकं निरखून काय बनवून राह्यला, काकांनी इचारलं. मी म्हटलं, जीपच्या अ‍ॅक्सलचं काम हाय. दोन वर्षं उशिरा का होईना, खोटं नव्हतं ते.

खंडेनवमीले सकाळीच मी दुकानात शिरलो. लेथले झेंडूचे हार घातले होते, समोर लाल कपड्यावर पाने, छिन्न्या, हातोडे ओळीनं मांडले होते, आन् एका कोपऱ्यात कुंकू लावलेलं ते जुनं वर्नियर. वीस-पंचवीस माणसं होती. सेवालाल खुर्चीवर पाय लांब करून बसला होता. भागिरथानं मले पाह्यलं आन् मान फिरवली.

उदयसिंग प्रसाद वाटत होता, त्याचा हात मधातच थांबला. मी त्याच्याशी बोललोच नाई. मी बहिणीसमोर नवं वर्नियर आन् बेअरिंग ठेवलं. "भागिरथा, बापाची आण घेऊन सांगतो, मी पेलो नव्हतो. माप खोटं होतं. ते जुनं वर्नियर उचलून पाह्य."

उदयसिंग हसला. आज हत्याराले हात लावत नसते, तो साऱ्यायले आयकू जाईन असा बोलला, दोन वर्षांत हा इतकं बी इसरला. दोघा-तिघांनी माना हलवल्या. रिवाज त्याच्याच बाजूनं होता, मी काय करू? माहा हात पुढं गेला आन् थांबला.

पण भागिरथा उठली. तिनं कोनाले इचारलं नाई. सरळ गेली आन् कुंकवासकट ते वर्नियर उचलून आणलं. मी तिले दाखवलं कसं धरायचं. आधी नव्यात बेअरिंग धरलं, रेघ चाळीसवर. मंग जुन्यात धरलं, त्यात चाळीसच्या वर दोन बारीक घरं जास्त. चाळीसच्या वस्तूले ते जास्त सांगे, म्हंजे त्याच्या भरोशावर उतरवलेला अ‍ॅक्सल तेवढा बारीक होणारच. मंग तिले म्हटलं, आता रिकामंच बंद कर आन् दाराकडं उजेडात धर. तिनं धरलं. जबड्याची टोकं भिडलेली, आन् मुळाशी उजेडाची फट. साऱ्यायनं पाह्यली. कोनीतरी हळूच म्हणालं, अरे बापा, हे तर पडलेलं हाय.

भागिरथा उदयसिंगाकडं वळली. "मंग तुमी दारूचं काहून सांगतलं?"

उदयसिंगानं मान खाली घातली. ताट हातात तसंच, चेहरा राखेसारखा. खोटं कायले सांगू, मले मजा आली. दोन वर्षांची सारी कसर निघून राह्यली होती. तेवढ्यावर मी थांबायले पाह्यजे होतं, पण जीभ थांबे ना. मले त्याले आणखी खाली पाडायचं होतं. मी साऱ्यायकडं फिरून सांगू लागलो का हा कायचा मिस्त्री. काल शिकायले आलेल्याले बी समजते, सकाळी वर्नियर हातात घेतलं का आधी बंद करायचं, उजेडात धरायचं, रेघ शून्यावर हाय का पाह्यचं, मंगच कामाले हात घालायचा. इतकी साधी गोष्ट हाय, एक मिनिट नाई लागत.

भागिरथा माह्याकडं पाहत होती. वर्नियर अजून तिच्या हातात होतं.

"मंग त्या दिवशी तू उजेडात धरलं नव्हतं का, भाऊ?"

दोन वर्षांनी ती मले भाऊ म्हणाली होती. मी म्हणू शकलो असतो का धरलं होतं, तवा चांगलं होतं. उदयसिंगाले खोडता आलं नसतं, त्याच्या बोलण्यावर आता कोनाचा इश्वास राह्यला होता? पण मले ती सकाळ आठवली. जवायाचंच काम हाय म्हून मी घाईनं खिळ्यावरून वर्नियर काढलं होतं आन् सरळ अ‍ॅक्सलले लावलं होतं.

"नाई धरलं," मी म्हटलं.

 सेवालाल खुर्चीतून हळूच म्हणाला, "बेअरिंग ठोकायची गरजच पडली नाई मले. हातानंच सुरकन गेलं. मनात आलं होतं, ढिलं तर नाई? मंग म्हटलं, किशनचं काम हाय, तपासायचं कायले."

तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. भागिरथानं वर्नियर खाली ठेवलं, नवऱ्याच्या खाकेत हात घातला आन् त्याले उठवलं. दाराची पायरी उतरतानी त्याले दोनदा थांबा लागलं. मी हात द्यायले पुढं गेलो नाई, माह्यानं जावलं नाई. उदयसिंग ताट घेऊन तसाच उभा होता, आन् माह्याकडं पाहत होता, जसं आपल्याच जोडीदाराकडं पाहावं.