मुक्या पेटीला आवाज फुटला

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. दागिन्यांची नव्हे, मतांचीही नव्हे. माणसं जे बायकोला सांगत नाहीत, डॉक्टरला सांगत नाहीत, ते माझ्या पोटात टाकून जायची. माझी गोष्ट ऐकताना काहींचे कान तापतील. तापू देत. तुमच्या पुस्तकात एचआयव्हीचं एक पान असतं, आणि 'हे घरी वाचा' म्हणून वर्गात ते उलटलं जातं. घरी ते कुणीच वाचत नाही. म्हणून मला बोलावं लागतंय.

मला एका सुतारानं घडवलं. आरोग्य कार्यालयातली एक बाई त्याच्याकडे आली होती. वस्त्यावस्त्यांत जाऊन लोक कसे वागतात, स्वतःला आजारापासून जपतात की नाही, याची पाहणी करणं हे तिचं काम. सगळे तिला ताई म्हणत.

"दोन कप्पे करा," ताई म्हणाली. "डावीकडे 'हो', उजवीकडे 'नाही'. वर दोन फटी. मी प्रश्न विचारला की लोक एकेक करून पडद्याआड जातील आणि पत्र्याचा बिल्ला टाकतील. कुणी काय टाकलं ते कुणालाच कळायचं नाही."

सुतारानं बिल्ला बोटांत फिरवला. "आणि पत्रा लाकडावर पडला की वाजणार नाही होय? बाहेरच्यांचे कान काय खुंटीला टांगून ठेवणार आहात?"

अख्ख्या कार्यालयात हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सुतारानं दोन्ही कप्प्यांच्या तळाला जाड लोकरी कापडाची गादी चिकटवली, बिल्ला टाकला, कान लावून ऐकलं. "झाली मुकी," तो म्हणाला. "मुकी आहे तोवरच ही कामाची, ताई. गादीकडे लक्ष ठेवा."

हे वाक्य मी जन्मात विसरले नाही. बाकी सगळे विसरले.

माझं पहिलं काम एका मालगोदामात झालं. एका वेळी बारा हमाल बाकड्यांवर बसत. कोपऱ्यात दोरीवर चादर टाकलेली, तिच्या आड मी. ताई लांब दाराशी, सगळ्यांकडे पाठ करून उभी राही. तिनं कुणाकडे बघायचं नाही असा नियमच होता. बाराही बिल्ले पडले की ती माझं मागचं झाकण उघडून मोजी. सात जण 'हो' म्हणाले, एवढं कळे. कोणते सात, ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नसे.

त्या हमालांत एक होता, त्याला सगळे ढोल म्हणत. आवाजच तसा. तो शिंकला तरी गोदामातली कबुतरं उडत.

"ताई, खरं सांगितलं तर बक्षीस काय?" त्यानं विचारलं.

"तपासणीची गाडी. खरे आकडे दाखवले तरच ती मला मागता येईल."

मग तिनं प्रश्न वाचला. गेल्या वर्षभरात जोडीदाराशिवाय आणखी कुणाशी शरीरसंबंध आला का? ढोल आडोशाला आला. बाहेर गडगडणारा गडी, आत त्यानं बिल्ला दोनदा एका फटीवरून दुसरीवर नेला. बिल्ला डावीकडे पडला. पुढचा प्रश्न होता, तेव्हा दर वेळी निरोध वापरला का? हा बिल्ला उजवीकडे पडला. मी कुणाचं गुपित फोडत नाही, मित्रांनो. पुढे त्यानं स्वतःच ते चारचौघांत सांगितलं, म्हणून सांगते.

गाडी आली. दर गुरुवारी गोदामाच्या फाटकाशी उभी राही आणि मी तिच्यात फळीवर बसलेली असे. मागच्या दारात निरोधाची पाकिटं ठेवलेली असत. न विचारता उचलायची. ढोल पहिल्या गुरुवारी तीन फेऱ्या मारून रिकामाच गेला, दुसऱ्या गुरुवारी मूठभर घेऊन गेला. त्या भागातलं औषधाचं एकुलतं एक दुकान त्याच्या बायकोच्या सख्ख्या मामाचं होतं. "तिथं जाऊन काय मागू? खोकल्याचं औषध?" तो ताईला म्हणाला. दोघंही हसले.

ते माझे चांगले दिवस. कार्यालयातल्या साहेबांनी पाहुण्यांसमोर मला टेबलावर ठेवून पाठ थोपटली. माझी नव्हे, स्वतःची. सुताराला कुणी बोलावलं नाही.

मग ताईची बदली झाली. गाडी चालू राहिली, पण मी कपाटावर गेले. तीन वर्षं. छतातून पाणी ठिबकायचं ते नेमकं माझ्या उजव्या अंगावर. तिकडची गादी कुजली, वास मारू लागली. शिपायानं एके दिवशी ती ओरबाडून कचऱ्यात टाकली. डावीकडची तशीच राहिली.

ताई परत आली तेव्हा नव्या पाहणीची घाई उठली होती. तिनं मला पुसताना आत हात घातला आणि तशीच साहेबांकडे गेली.

"साहेब, एका बाजूची गादी गेलीय."

"अहो, पेटी आहे की पाळणा? चार दिवसांत आकडे पाठवायचेत. आल्यावर बघू."

ताईनं मान डोलावली. माझा राग साहेबांवर आहेच, पण त्या डोललेल्या मानेवरही आहे.

तेच गोदाम, तीच बाकडी. आधी सरावाचा प्रश्न: आज चहा घेतलात का? बाराही बिल्ले डावीकडच्या गादीवर पडले. आवाज नाही. मग खरा प्रश्न, तोच जुना, जोडीदाराशिवाय आणखी कुणाशी? पहिल्यानं बिल्ला उजवीकडे टाकला. टक! दुसऱ्यानंही. टक! तिसरा एक अबोल हमाल होता. त्यानं डावीकडे टाकला. सगळं शांत.

"अरे!" ढोल बाकड्यावरून ओरडला. "पेटी वाजली नाही! गडी चहाच्या कप्प्यात गेला!"

बाकडी हलतील इतके सगळे हसले. तिसरा जमिनीकडे बघत बाहेर आला. "चहा गोड होता का रे?" कुणीतरी विचारलं. दाराशी पाठ करून उभ्या ताईला हसू ऐकू गेलं, टक् ऐकू गेलं नाही. "हसू नका हो, पुढचे या," एवढंच ती म्हणाली.

चौथा आला. टक. पाचवा. टक. मग ढोल आला. त्याचा हात डाव्या फटीवर टेकला. बिल्ला अर्धा आत गेला होता, मित्रांनो! अर्धा! बाहेर अकरा जण कान देऊन ऐकत होते. तिसऱ्याची जी गत त्यानं केली होती, ती आता त्याची होणार होती, आणि हे अकरा जण रोज त्याच्या मामेसासऱ्याच्या दुकानावरून जात. त्यानं बिल्ला ओढून काढला आणि उजवीकडे टाकला.

टक.

"शाब्बास रे ढोल!" बाहेर कुणीतरी टाळी दिली.

त्याचं हसू त्याच्याच गळ्याशी आलं होतं. अकरा 'नाही', एक 'हो'. पुढच्या तुकड्यांना तर आधीच बातमी लागली होती. त्या दिवशी मी नुसती टकटक करत राहिले. अहवालात लिहिलं गेलं की या वस्तीत धोका जवळजवळ संपला आहे. साहेबांचं कौतुक झालं. गाडी दुसरीकडे पाठवली. गुरुवार रिकामे झाले, आणि ढोलला मामाच्या दुकानाशिवाय दुसरी जागा उरली नाही. तिथं तो गेला नाही. बायकोला चोरून जिथं जायचा, तिथं मात्र जात राहिला. माणसं अशीच असतात, म्हणून तर पाहणी करायची असते.

दोन वर्षांनी एका दुपारी ढोल आणि त्याची बायको कार्यालयात आले. हमाल तिला वहिनी म्हणत. ती तान्ह्या बाळांचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात बटणं लावायची. तिला सहावा महिना चालू होता.

"ताई, ती गुरुवारची गाडी का हो बंद केली?"

"गरज उरली नव्हती, वहिनी. आकडेच तसे आले."

"मग हा कागद कसा आला?" तिनं दवाखान्याचा कागद टेबलावर ठेवला. दोघांनाही एचआयव्ही होता.

ढोलच्या आवाजातला ढोल फुटला होता. "ताई, आम्ही खोटं टाकलं. 'नाही' वाजत होतं, 'हो' वाजत नव्हतं. पहिला मीच हसलो." मग तिथं बसलेल्या सगळ्यांसमोर त्यानं उरलेलंही सांगितलं.

ताईनं मला खाली काढलं. एक बिल्ला डावीकडे टाकला, एक उजवीकडे. टक. ती खुर्चीत बसली ती उठेचना.

वहिनीनं आत डोकावून पाहिलं. "एवढंच? तळाला चिंधी नव्हती? ताई, आमच्या कारखान्यात रोज पोतंभर चिंध्या जाळतात."

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. सगळं ऐकल्यावर म्हणाले, "बाई, आता काय उपयोग? तो अहवाल केव्हाच वर गेला."

"मग खाली उतरवा," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती झबल्याच्या कापडाचे तुकडे घेऊन आली. पिवळं कापड, त्यावर बदकं. दोन्ही कप्प्यांत तिनंच ते चिकटवलं, बिल्ला टाकला आणि सुतारासारखाच कान लावला. ढोल तिच्या मागे उभा होता. ती त्याच्याशी बोलत नव्हती.

मित्रांनो, कुणाला खरं विचारायचं असेल तर आधी त्याला आडोसा द्या. ते जमत नसेल तर विचारूच नका. खोट्या आकड्यापेक्षा कोरा कागद बरा. आणि कुणी खरं बोललं, तर दात काढू नका. त्या दिवशी ते गोदाम हसलं नसतं, तर गाडी कदाचित टिकली असती.

गेल्या महिन्यात मला पुन्हा तिथं नेलं. बारा जणांत आठ 'हो' निघाले. ताईनं गाडीसाठी पत्र लिहिलंय. साहेबांचं उत्तर नाही.

वहिनीचं बाळ जन्मलंय. तिनं एकही गोळी चुकवली नाही आणि बाळालाही औषध चालू आहे, म्हणून डॉक्टरांना आशा आहे. पण शेवटची तपासणी अजून व्हायची आहे. आयुष्यभर माझ्या उजव्या कप्प्यात माणसांनी ढिगानं 'नाही' टाकले, आणि त्यातले किती खोटे होते ते मला ठाऊक आहे. बदकांचं कापड पोटात घेऊन मी वाट बघत बसले आहे. मला एकच 'नाही' हवाय, बाळाच्या कागदावरचा. तो तेवढा खरा निघू दे.